कनानी बाईचं उत्तर

"थूक ते."

नाताळचं जेवन होतं. चर्चच्या आवारात पंगत बसलेली. माही पोरगी आठ वर्षांची. तिनं पुरीचा पहिला घास तोंडात घातला, अन् बाईनं तिच्या दंडाले धरून तिले उभं केलं.

"गोंदियाचे पाहुने बसाचे आहेत इथं. थूक."

पोरगी माह्याकडे पाहे. घास गालात तसाच. मंग तिनं तो हातावर थुंकला अन् मूठ आवळून घेतली.

"तुमची पंगत मांगून," बाईनं मले सांगितलं. "चर्चात शिरली म्हनून पंगतीत बसशील काय?"

ही बाई म्हनजे चर्चचे कारभारी, ज्याइले सारे 'वडील' म्हनत, त्याइची बायको. वडील जंगल खात्यात मोठे बाबू. त्याइचे आजे पाटील होते. बाप्तिस्मा झाला, पाटीलकी तशीच राह्यली. माहा बाप कटंगीकडच्या गावात मेलेली ढोरं ओढे. आमचाही बाप्तिस्मा झाला. आमचंबी तेच राह्यलं. मी विधवा. चर्च झाडो, बाईच्या घरची भांडी घासो.

घडीभर आधी सारे मिळून गात होते, आपन एकाच बापाची लेकरं. आता सारे पत्रावळीकडे पाहून राह्यले होते.

आमी नळापाशी जाऊन बसलो. पाळकसाहेब, आमचे पाद्री, आले. आवाज गोड.

"रागावू नको बाई. शुभवर्तमानातल्या कनानी बाईची गोष्ट आठव. ती चुऱ्यावर राजी होती. नम्रता शिक."

त्याइच्या मांगून एक जन परात घेऊन आला. उष्टा भात, चोखलेली हाडं. पोरगी भुकेली होती. तिनं खाल्लं. मी पाहत बसली. मायनं असं पाहू नये.

दवाखान्यातल्या सिस्टरनं मले वाचाले शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते शुभवर्तमान उघडलं अन् एकेका अक्षरावर बोट ठेवून ती गोष्ट वाचली. बाई परकी. पोरगी बिमार. शिष्य म्हनत, हिले हाकला. खुद्द प्रभूनं म्हटलं, लेकरायची भाकर कुत्र्याइले टाकू नये. तरी ती उठून गेली नाई. तिनं तोंडावर उत्तर देल्लं, प्रभू, मालकाच्या मेजावरून पडलेला चुरा कुत्रेबी खातात. अन् प्रभूले ते उत्तर मानावं लागलं. पोरगी बरी झाली.

पाळकसाहेबानं हे कवाच सांगितलं नवतं. चुऱ्याचं तिनं नुसतं नाव घेतलं. मागितला तो पोरीचा जीव. घेऊनच गेली.

ईस्टरले पुन्हा जेवन होतं. मी पोरीची वेनी घातली अन् पहिल्या पंगतीत बसली. बाई आली.

"उठ."

"नाई."

"काय म्हनली?"

"उठत नाई. प्रभूनं त्या बाईचं आयकलं. तुमी त्याच्याहून मोठ्या आहा काय?"

बाईनं माह्या तोंडात मारली. वडिलानं केस धरले अन् मले फाटकापर्यंत ओढत नेलं. पोरगी मांगून पयत आली, रडत. पाळकसाहेब वाढत राह्यले. आधी भात, मंग रस्सा.

चर्चचं झाडनं सुटलं, भांडीबी सुटली. आमच्या मोहल्ल्यातली मानसं घरी आली, तीबी डोळे वटारूनच.

"काहून बोलली वो? आता आमालेबी काढतीन."

"काढू द्या," मी म्हनलं.

पोरीनं इचारलं, "माय, आता चर्चात नाई जाचं?"

"जाचं. दर रविवारी."

आता मी विटा वाहतो. खांदे सोलतात. रविवारी आंग धुऊन पहिल्या बाकावर बसतो, पोरीले बाजूले घेऊन. बाई तिच्या लोकायले घेऊन उठते, दुसरीकडे जाते. जाऊ दे. मोहल्ल्यातलं अजून कोनी माह्याजवळ बसत नाई. तेबी चालते.

मले नम्रता शिकवू नका. प्रभूचं घर मी सोडनार नाई. अन् त्याच्या घरात माही पोरगी कोनाच्या मांगं बसनार नाई.