काटेताई आणि खोटा काटा

काटेताईंचं खरं नाव मला आजतागायत ठाऊक नाही. त्यांच्या दुकानावर पाटी आहे, पण तिच्यावर नाव नाही. एक गोल काढलाय आणि त्यात एक लाल तिरका काटा. त्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतात. म्हणजे स्टिअरिंगच्या मागे वेगाचे, पेट्रोलचे, इंजिनाच्या गरमीचे काटे असतात ना, ते अख्खं खोकं. म्हणून काटेताई. त्यांच्या नवऱ्याला लोक काटेभाऊजी म्हणतात आणि तो भला माणूस ओसुद्धा देतो.

मी काही सांगायला लागलो की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठतात. सूनबाईंना वाळत घातलेले कपडे आठवतात, मुलाला फोन येतो. ही हकिकत मात्र दोघं शेवटपर्यंत ऐकतात, कारण दोघंही तिच्यात आहेत.

माझी थोरली बहीण, आक्का, नदीपलीकडे एकटी राहते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. बसची पायरी तिला चढवत नाही. म्हणून दर रविवारी मी गाडी घेऊन जायचं, तिला आमच्याकडे आणायचं, जेवायचं, थोडं भांडायचं आणि उन्हं कलली की परत सोडायचं, असा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ती आदल्या रात्रीच पिशवी भरून ठेवते. पण ऐन वेळी तिला चष्मा सापडत नाही, मग खिडक्या लावायच्या राहतात, मग लावलेल्या खिडक्या पुन्हा बघायच्या असतात. तोवर माझी गाडी तिच्या दारात उन्हात तापून लालबुंद होते. हे ऊन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका रविवारी तिला घेऊन निघालो आणि बरोबर पुलाच्या मध्यावर गाडी दोन आचके देऊन बंद पडली.

"पेट्रोल घालायचं विसरलास," आक्का म्हणाली.

"काटा बघ की. अर्ध्याच्या वर आहे."

"मग त्या काट्याला खाली उतरव, म्हणावं ढकल."

मी फोन केला, तेव्हा मुलगा पेट्रोलचा कॅन घेऊन आला. टाकी कोरडी ठणठणीत होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी दुप्पट ओरडलो असतो आणि विषय मिटला असता. त्याने नुसता कॅन ओतला. घरी आल्यावर दारामागच्या खिळ्यावरची गाडीची चावी त्याने काढली आणि खिशात टाकली.

"बाबा, यापुढे आत्याला मी आणत जाईन."

त्याचंही चूक नव्हतं. त्याच महिन्यात मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बँकेत जाऊन आलो होतो. एकदा चहाचं भांडं करपवलं होतं. आणि काटा मधूनच उड्या मारतो, खाली असताना वर जातो, हे मी त्याला आधी सांगितलं होतं. त्याने गाडी चालवून बघितली, तर पाहुण्यांसमोर शहाणं झालेल्या कार्ट्यासारखा तो काटा गप्प. मुलगा सकाळी गार वेळेला गाडी काढतो आणि ऑफिसच्या तळघरात लावतो. तिथे कसला तो बिघडतोय. मग उरलं काय, तर बाबांचं डोकं.

पुढच्या रविवारी मुलगा आक्काला घेऊन आला. त्याच्या पुढच्या रविवारी त्याला ऐन वेळी कामावर बोलावलं आणि आक्काला कळवायचं राहून गेलं. संध्याकाळी आक्काच्या शेजारणीचा फोन आला: आजी सकाळपासून दारात स्टुलावर बसल्यात, पिशवी मांडीवर आहे, आत या म्हटलं तर येत नाहीत.

मी जेवलो नाही. सूनबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बाबांना डॉक्टरकडे न्यायचं म्हणताय ना, न्या. पण आधी गाडीला न्या. आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर त्या काटेताईंचं नाव काढलं की कान धरतो."

अशी आमची वरात काटेताईंच्या दारात गेली.

एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला आणि मधे ही एक लांबट खोली. टेबलावर पांढरीशुभ्र चादर, म्हणजे पडलेला बारकासा स्क्रूसुद्धा दिसावा. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये स्क्रू, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. काटेताई ठेंगण्या, केस करकचून बांधलेले, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवलेलं. काटेभाऊजी दारभर.

मुलाने सुरुवात केली, "ताई, काय आहे, वडिलांचं वय झालंय आणि..."

"गाडी कोण चालवत होतं?"

"हे. पण मी सांगतो ना."

"तुम्ही त्या बाकावर बसा. आजोबा, तुम्ही या. गाडीत आपल्या जागेवर बसा आणि तो कसा वागतो ते पहिल्यापासून सांगा. घाई नाही."

अहो, मला कुणी पहिल्यापासून सांगा म्हणालं, ते किती वर्षांनी. मी पुलापासून सुरू केलं, मग आक्काच्या खिडक्या आल्या, तिच्या दारातलं ऊन आलं. त्या शेजारच्या सीटवर बसून ऐकत होत्या. मधे फक्त एकदा विचारलं, "ऊन समोरच्या काचेतून येतं का?" येतं म्हटल्यावर मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "काढा हो."

भाऊजींनी बॅटरीची वायर सोडवली, मग आमच्या त्या बिचाऱ्या गाडीचा सगळा चेहरामोहरा उचकटून मीटर बाहेर काढला. ताईंनी टेबलावर त्याला वीज जोडली. पेट्रोलचा काटा तळाला पडून राहिला, जसा राहायला हवा तसा. मग त्यांनी ड्रॉवरमधून केस वाळवायचा ड्रायर काढला आणि मीटरच्या पाठीवर गरम वारा सोडला. मुलगा बाकावरून उठून जवळ आला. थोडा वेळ काही नाही. मग तो काटा हळूच, चोरासारखा, वर चढायला लागला. अर्ध्याच्या वर जाऊन थांबला. टाकी नाही, पेट्रोल नाही, नुसता टेबलावर ठेवलेला मीटर.

"पुलावर हेच झालं," ताई म्हणाल्या. "आतली चिप तापली की वाटेल ते बोलते. सोल्डरचा डाग देऊन भागणार नाही. दुसरा मीटर घालावा लागेल."

मुलाने वाकून त्या काट्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, सुटलो. पण जाताना म्हणाला, "मीटर खराब होता हे पटलं, बाबा. पण चपला काही मीटरने घातल्या नव्हत्या."

भंगारात निघालेल्या, आमच्यासारख्याच गाडीचा मीटर भाऊजींनी शोधून आणला. मी समजत होतो, जुना काढायचा, नवा खुपसायचा, संपलं. तसं नसतं. हल्लीच्या गाड्यांत चावीची ओळख मीटरमध्येच ठेवलेली असते. परक्या गाडीचा मीटर लावला की गाडी घरच्याच चावीला 'तू कोण' म्हणते आणि सुरूच होत नाही. शिवाय गाडी आजवर किती चालली तो आकडा मीटरच्या पोटात असतो. म्हणून ताई जुन्या मीटरची आठवण वायरीने लॅपटॉपवर उतरवून घेतात आणि नव्यात भरतात. काटे बसवतानाची गंमत तर बघत राहावी. जुना काटा उपटायला चहाचे दोन चमचे, दोन्ही बाजूंनी अलगद. आधी पेन्सिलीची बारीक खूण, कारण काटा केसभर जरी तिरका बसला तरी गाडी जन्मभर केसभर खोटं बोलणार.

इस्त्रीवाला दारातून डोकावला. "ताई, आता हातात आहेच तर आकडा जरा कमी लिहा की. आजोबांची गाडी तरुण होईल."

"आजोबांच्या कागदावर वय कमी लिहिलं तर गुडघे ऐकतील का?" ताई मान वर न करता म्हणाल्या. "जेवढी चाललीय तेवढीच लिहिणार."

लॅपटॉप आपलं काम करत होता, तेवढ्यात भाऊजींनी चहा आणला आणि मला हवं तेच घडलं, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आपली कहाणी सांगायला घेतली. ताईंचे वडील भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायचे. भिंग लावायची सवय तिथली. लग्न झालं ते ट्रक चालवणाऱ्याशी. एकदा मोठ्या चढावर भाऊजींच्या ट्रकचं इंजिन तापून जाम झालं. मालक म्हणाला, गरमीच्या काट्याकडे लक्ष नव्हतं तुझं. भाऊजी म्हणाले, काटा जागचा हललाच नाही. कुणी ऐकून घेतलं नाही, नोकरी गेली.

"हिने ऐकलं," भाऊजी म्हणाले. "गॅरेजमधून तो मीटर मागून आणला, स्वयंपाकाच्या ओट्यावर उघडला. काटा चिकटून बसलेला. मालकाला नेऊन दाखवला, तोवर त्याने दुसरा ड्रायव्हर ठेवला होता."

"दुसऱ्याचा मीटरपण आमच्याकडेच आला की नंतर," ताई म्हणाल्या, आणि दोघं हसली.

तेव्हापासून त्या दुकानाचा नेम असा, की आधी गाडी चालवणाऱ्याचं ऐकायचं आणि मग हत्यार उचलायचं. मालक बाकावर.

मीटर बसला. चावी फिरवल्याबरोबर गाडी सुरू झाली, आकडाही आमचाच, जुना. शनिवारी मुलाने चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "कोपऱ्यावरच्या पंपावर टाकी भरून आणा. उद्या आत्याकडे तुम्ही चालवा, मी बाजूला बसतो." परीक्षाच ती. मी दोन्ही चपला एकमेकींना जुळवून बघितल्या आणि गेलो. टाकी भरली, परत आलो.

संध्याकाळी मुलगा सहज गाडीत बसला आणि खिडकीतून हाक मारली.

"बाबा, टाकी पूर्ण भरली म्हणालात ना?"

"गळ्यापर्यंत."

त्याने बोट दाखवलं. काटा अर्ध्याच्या थोडासा वर. ऊन नाही, तापणं नाही, नवा मीटर.

"बरं," तो म्हणाला आणि चावी पुन्हा खिशात गेली.

त्या 'बरं'ने मी जितका खचलो तितका पुलावरही खचलो नव्हतो. पलंगावर बसून पंपावरचं सगळं आठवून बघितलं. नळी खट्कन आपोआप बंद पडली होती. पंपावरचा माणूस म्हणाला होता, फुल्ल आजोबा. की ते मागच्या खेपेचं? जितकं आठवायला जावं तितकं निसटायला लागलं. एका क्षणी मला वाटलं, पोरगं खरं बोलतंय. असेलही. मग स्टुलावर पिशवी घेऊन बसलेली आक्का डोळ्यांपुढे आली, आणि मी मुलाला म्हणालो, "उद्या आधी काटेताईंकडे. मग तू म्हणशील तसं."

रविवारी त्यांचं दुकान अर्धा दिवस उघडं असतं. ताईंनी काट्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"टाकी कुणी भरली?"

"मी. पण ताई, आता मलाच..."

"नळी आपोआप बंद पडली होती?"

"पडली होती असं वाटतं."

"आवाज आठवतो?"

"खट्कन."

"मग भरली," त्या म्हणाल्या आणि वायर जोडली.

मुलगा शेजारी उभा. लॅपटॉपवर त्यांनी काहीतरी उघडलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग कपाळाला हात लावला. आता बघा, त्यांना चार बटणं दाबून, जरा सेटिंग हललं होतं म्हणता आलं असतं. आम्हाला काय कळणार होतं? त्या उठून उभ्या राहिल्या आणि पंक्चरवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आजोबा बरोबर आहेत. चूक माझी आहे."

ज्या गाडीतून तो मीटर काढला होता, ती दिसायला आमच्यासारखीच, पण तिची टाकी वेगळ्या मापाची आणि पेट्रोल मोजणारा आतला तरंगता गोळाही वेगळा. ताईंनी चावीची ओळख भरली, किलोमीटर भरले, टाकीचं माप मात्र त्या भंगारातल्या गाडीचंच राहून गेलं. काटा इमानदारीत दुसऱ्याच टाकीचं पेट्रोल सांगत होता.

"एवढी वर्षं झाली, असं कधी राहिलं नव्हतं," त्या मला म्हणाल्या. "काल तुम्हाला घरी बोलणी बसली असतील."

"छे छे," मी म्हणालो.

"बसली," मुलगा म्हणाला. "म्हणजे मी बोललो नाही, पण बसली."

भाऊजी मागून म्हणाले, "न बोललेली जास्त लागतात. मला विचारा."

ताईंनी माप बदललं, मीटर बंद करून पुन्हा चालू केला. काटा तळापासून निघाला, अर्धं ओलांडलं, पाऊण ओलांडलं आणि थेट वर टोकाला जाऊन टेकला. मी आयुष्यात बरीच सुंदर दृश्यं पाहिलीत. नातवंडांची पहिली पावलंही पाहिलीत. त्यांच्या शेजारी मी हे ठेवतो.

मुलाने खिशातून चावी काढली. मला वाटलं तो स्टिअरिंगवर बसणार. त्याने ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

"तू नाही येत?"

"मी बसने घरी जातो. तुम्ही निघा, आत्या स्टुलावर असेल."

होतीच. मग चष्मा हरवला, मग खिडक्या झाल्या, मग त्याच खिडक्या पुन्हा झाल्या. गाडी नेहमीसारखी तापली. मी गाडी सुरू करून काट्याकडे बघितलं, तो वरच, जागेवर. मनातल्या मनात मी त्या ठेंगण्या बाईला हात जोडले. मीटर कुणीही बदलून दिला असता. माझं मलाच खरं वाटेना, तेव्हा तिने ते माझ्यासाठी खरं धरलं.

पुलावर आलो तशी आक्का पुढे वाकली आणि भिंगातून बघावं तसं मीटरकडे बघायला लागली.

"पेट्रोल आहे?"

"आहे."

"हे तू म्हणतोस की काटा म्हणतो?"

"दोघंही."

"मग हळू चालव," ती मागे टेकत म्हणाली. "गाडी बंद पडली त्या दिवशी नुसता संताप केला. नदी बघायची राहिलीय."