पुस्तकात असं नव्हतं

एका लेखकाच्या कथांवरची जुनी मालिका हल्ली रविवारी संध्याकाळी पुन्हा लागते. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवं घर, नवी माणसं. त्यांची ओळख होते न होते तोच ती निघून जातात आणि पुढच्या रविवारी त्यांतलं कुणी फिरकत नाही. माझे यजमान गेले तेव्हा भेटायला येणारी माणसं अशीच होती. थोडा वेळ बसायची, चहा नको म्हणायची. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, म्हणून न बोलताच उठायची.

ह्यांनी या सगळ्या कथा वाचलेल्या. मालिका पहिल्यांदा लागायची तेव्हा ह्यांची टकळी सुरूच. "पुस्तकात असं नव्हतं. पुस्तकात ती परत येतच नाही."

"गप्प बसा हो, बघू द्या मला!" मी करवादायचे.

शेवटी तह झाला. बोलायचं ते जाहिराती लागल्यावर. मग मी टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि हे खुर्ची माझ्याकडे वळवून मूळ गोष्ट सांगायचे.

पुस्तक कपाटात आहे. मुलगी फोनवर म्हणते, "काढून वाच ना, आई." पण मला ती गोष्ट वाचायची नाहीये, ऐकायची आहे.

आजच्या गोष्टीत घर सोडून गेलेली बाई पुन्हा दारात येऊन उभी राहिली आणि नेमक्या जाहिराती लागल्या. सवयीने हात रिमोटकडे गेला. आवाज बंद झाला. पडद्यावर कुणीतरी साबण हातात धरून मुक्यानेच हसत होतं.

मी खुर्चीकडे वळून म्हटलं, "हं, बोला आता."