चार नंबरच्या मशीनवरची थोरली

थोरलीने शिवलेलं बदक कधी गळलं नाही, असं शेडमध्ये सगळेच म्हणत. शिवलेलं म्हणायचं आपलं, सुई-दोऱ्याचा तिथे काही संबंध नव्हता. लहान मुलं पोहायच्या तलावात ज्यांच्यात बसून हातपाय मारतात, ती हवा भरायची पिवळी बदकं तिथे बनत. प्लास्टिकचे दोन तुकडे एकावर एक ठेवायचे, पायाखालचं पेडल दाबायचं, की वरून पितळी साचा खाली येई. मशीनमधून रेडिओ लहरी सुटत, प्लास्टिक आतल्या आत तापे आणि चार सेकंदांत कडा एकजीव होत. तेवढ्यात तुकडे सरकू नयेत म्हणून थोरली ते दोन्ही हातांनी साच्याच्या अगदी कडेशी दाबून धरी. अशी एकोणीस वर्षं झाली होती.

तिची धाकटी जाऊ चार वर्षांपूर्वी शेजारच्या मशीनवर कामाला आली आणि तेव्हापासून शेडमध्येही घरचीच नावं रूढ झाली, थोरली आणि धाकटी. थोरली मितभाषी, आणि धाकटीच्या तोंडाला खळ नसे. दोघींची जोडी मात्र अशी की एकीला ठेच लागली तर दुसरी ‘आई गं’ म्हणायची.

दोन वर्षांपासून थोरलीच्या बोटांना मुंग्या येत होत्या. पुढे मुंग्याही थांबल्या आणि बोटांची टोकं परक्याची असल्यासारखी झाली. कुलपात किल्ली घालायला वेळ लागू लागला. एकदा चहाच्या गरम किटलीला बोट टेकून ती गप्पा मारत उभी होती. धाकटीने हात ओढला तेव्हा कळलं, बोट भाजलंय. त्या दिवसापासून सकाळी थोरलीच्या ब्लाउजचे हूक धाकटीच लावून द्यायची. दोघींशिवाय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अशात एक दिवस दोन माणसं शेडमध्ये आली. एक डॉक्टरबाई, आणि तिच्याबरोबर उंच, अबोल मोजणीवाला. त्याच्या हातात काठी, काठीच्या टोकाला चेंडूएवढा गोळा आणि दुसऱ्या हातात लहरींचे आकडे दाखवणारी डबी.

“अशा मशीनजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या तब्येतीवर काय परिणाम होतो, ते आम्ही शोधतोय,” डॉक्टरबाई म्हणाली. “बारा शेड बघणार आहोत.”

“म्हणजे मोबाइलच्या टॉवरसारखं?” कोणीतरी विचारलं.

“लहरींची जात तीच. पण टॉवर लांब असतो. इथे तुमचे हात लहरींच्या दारातच आहेत.”

“मग होतं काय त्याने?” धाकटीने विचारलं.

“अंग तापतं, एवढं नक्की. वर्षानुवर्षांनी काय होतं ते अजून पुरतं माहीत नाही. माहीत असतं तर कशाला आलो असतो?”

थोरलीच्या मनात मात्र एकच गोष्ट बसली. हात अधू निघाले तर मशीन जाणार. चार नंबरच्या त्या मशीनचा आवाजही तिला ओळखू येत असे. ते सोडायची कल्पनाच तिला सहन होईना.

तपासणी सोपी होती. डोळ्यांवर फडकं बांधायचं. डॉक्टरबाई बोटाच्या टोकाला कधी एक बोथट काडी टेकवणार, कधी एकमेकींना खेटून दोन. किती टेकल्या ते सांगायचं. थोरली बसली तेव्हा आपली पाळी यायची वाट बघत धाकटी मागच्या बाकावर होती. तिथून तिला काड्या दिसत होत्या.

धाकटी एकदा खोकली. “एक,” थोरली म्हणाली.

धाकटी दोनदा खोकली. “दोन.”

“तुम्हाला बरं नाहीये का?” डॉक्टरबाईने मान वर न करता विचारलं.

“धूळ हो, नुसती धूळ.”

वीसपैकी एकोणीस उत्तरं बरोबर आली. बाहेर आल्यावर थोरलीने विचारलं, “एक कसं चुकलं गं?”

“मुद्दाम चुकवलं. सगळीच बरोबर आली असती तर संशय आला असता.”

दोन महिन्यांनी डॉक्टरबाई परत आली. ज्यांचे हात तपासले त्यांनाच निकाल आधी दाखवायचा, असा तिचा नियम होता. भिंतीवर तिने मोठा कागद लावला. त्यावर नावं नव्हती, नुसते ठिपके. उजवीकडे जावं तशा लहरी जास्त, खाली जावं तशी बोटं अधू.

“एवढ्या जास्त लहरींत काम करणाऱ्या आम्हाला पाचच जणी मिळाल्या,” ती म्हणाली. “चौघींची बोटं कमजोर आहेत. पण पाचवीजवळ लहरी सगळ्यात जास्त, सुरक्षित मर्यादेच्या तिपटीवर, आणि बोटं तर लहान मुलासारखी तल्लख. त्यामुळे आम्हाला ठाम काहीच म्हणता येत नाही. मशीनला लहरी अडवणारा पत्रा मात्र लावलाच पाहिजे.”

मालक दारात उभा होता. माणूस वाईट नव्हता, पण पत्रा लावला की काम हळू होतं, एवढं त्याला ठाऊक होतं. “बोटं ठणठणीत असताना घाई कशाची?” तो म्हणाला. “बघू पुढे.”

थोरलीचा चेहरा उतरला. तिचा ठिपका तिने ओळखला होता.

संध्याकाळी घरी दोघी भाजी निवडत बसल्या होत्या. धाकटीच्या हातातून सुरी दोनदा निसटली.

“काय झालं गं?”

“काही नाही. हल्ली जरा मुंग्या येतात.”

थोरलीने भाजीची परात बाजूला सारली. “कधीपासून?”

“झाले तीन-चार महिने. ताई, असं काय बघताय? जाईल आपोआप.”

“माझंही आपोआपच जाणार होतं. उद्या मी बाईंना खरं सांगणार आहे.”

“हात दाखवून अवलक्षण कशाला? मशीन जाईल तुमचं!”

“जाऊ दे. माझ्यामुळे तो कागद खोटं बोलतोय. आणि त्या कागदाच्या भरवशावर तू बसलीयस माझ्या शेजारी.”

धाकटीने परात पुन्हा पुढे ओढली.

सकाळी थोरली डॉक्टरबाईसमोर उभी राहिली. “बाई, मी लबाडी केली.”

“लबाडी त्यांची नाही,” मागून धाकटी म्हणाली, “खोकला माझा होता.”

डॉक्टरबाईला हसू फुटलं, पण पुढचं ऐकता ऐकता ते विरलं. तिने धाकटीला बाहेर बसवलं आणि पुन्हा फडकं बांधलं. वीसपैकी नऊ. नुसत्या अंदाजाने कोणीही तेवढी सांगितली असती. डॉक्टरबाई रागावली नाही.

“हे लहरींमुळेच झालं, असं एकट्या तुमच्या हातांवरून मी म्हणू शकत नाही,” ती म्हणाली. “साखर बघू, मानेचा मणका बघू. पण पत्र्यासाठी त्याची वाट बघायला नको. मर्यादा ओलांडली, एवढं पुरे.”

मालकाला थोरलीने स्वतःच सांगितलं. त्याने तिच्या बोटांकडे बघितलं. “मावशी, आधी नाही का बोलायचं?”

“तुम्ही विचारलं होतं कधी?”

आठवड्यात पत्रे आले. पण पत्र्याच्या फटीतून तुकडे धरता येईनात. बायका कुरकुरल्या, आता हे पत्रे पुन्हा निघणार असं दिसू लागलं. तेव्हा थोरलीने सुताराला लाकडी चौकट करायला सांगितली. तुकडे चौकटीत अडकवायचे, चौकट आत सरकवायची, हात बाहेर. मोजणीवाल्याने तिचे हात जिथे असत तिथे गोळा धरला, पेडल दाबायला लावलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला. “उतरलं. मर्यादेच्या खूप खाली.”

थोरलीला काही महिने तपासणीच्या टाकीवर बसवलं. फुगवलेलं बदक पाण्यात बुडवायचं, बुडबुडे येतात का बघायचं. दुसऱ्यांची बदकं किती गळतात हे तिला तिथे कळलं आणि तिने सगळ्यांना धारेवर धरलं. धाकटीच्या मुंग्या कमी झाल्या. सहा महिन्यांनी थोरलीची तेरा उत्तरं बरोबर आली. डॉक्टरबाईने लिहिलं, थोडी सुधारणा, कारण निश्चित नाही.

“एवढं शिकून निश्चित नाही?” थोरली म्हणाली.

“खोटं निश्चित लिहू का?”

थोरली ओशाळली, मग दोघीही हसल्या.

अभ्यास अजून काही वर्षं चालायचा आहे. दुसऱ्या शेडमध्ये जाताना डॉक्टरबाई आता थोरलीला बरोबर नेते. परवा एका शेडमध्ये एक बाई सगळ्या प्रश्नांना ‘मला काही होत नाही’ म्हणत होती आणि दोन्ही हात मांडीवर लपवून बसली होती. थोरली खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली. मुलं किती, घर किती लांब, मशीन कोणतं, असं बरंच काही विचारत राहिली. बऱ्याच वेळाने ती बाई हळूच म्हणाली, “डावा हात जरा बधिर असतो. पण लिहू नका हं.”

“लिहायचंच,” थोरली म्हणाली. “मी आहे ना इथे.”