काट्यावरचं बाळसं

१९७३ च्या उन्हाळ्यात सुप्याजवळच्या एका दूधकेंद्रावरून अकरा महिन्यांची एक मुलगी परत पाठवण्यात आली. तिचं वजन जास्त भरलं होतं.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात बातमीदार होतो. दुष्काळी कामांच्या बातम्यांसाठी एसटीने त्या रस्त्यावर फिरत असे. केंद्र परदेशी मदतीवर चालणाऱ्या एका संस्थेचं होतं. शाळेच्या दोन खोल्या, डब्यांतली दूधभुकटी, तेल, साखर आणि आढ्याला टांगलेला काटा. त्याच्या झोळीत मूल ठेवायचं. वजन ठरलेल्या आकड्याखाली असलं तरच दाखल करायचं. आकडा मुंबईच्या कार्यालयाने ठरवला होता. भुकटी कमी, मुलं जास्त, कुठेतरी रेघ ओढावीच लागते, असं व्यवस्थापक मला म्हणाले. ते पटण्यासारखं होतं. पण मुलाला हात लावून बघू नये असं त्या रेघेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

मुलीला तिची आजी घेऊन आली होती. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. मुलीचे गाल फुगलेले, पाय गुबगुबीत, केस तांबूस आणि विरळ. ती रडत नव्हती, कोणाकडे बघतही नव्हती.

"ही नियमात बसत नाही, आजी. चांगली भरलीय," व्यवस्थापक म्हणाले.

"मी त्येच सांगत हुते. सूनच मागं लागली. बाळसं धरलंय पोरीनं, आसल्या दुष्काळात बी." आजी खूश होती. जाता जाता तिने रांगेतल्या बायकांना ऐकवलं, "तुमची चिपाडं न्या आत."

सुनेला ते पटलं नाही. तिने मुलीला कामाच्या जागी, आपल्या पालावर ठेवून घेतलं. आठवड्यातून दोनदा नगरहून केंद्रावर येणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथे लस टोचायला गेल्या, तेव्हा साडीच्या झोळीत त्यांना ती दिसली. त्यांनी तिच्या पावलावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"हे बाळसं नाही, सूज आहे. पोटात अन्न नाही म्हणून आलेली. आजच न्यायची हिला."

आई हातोडी ठेवून उठली.

"हजेरी जाईल," मुकादम म्हणाला.

"जाऊ द्या."

डॉक्टरीणबाईंच्या शब्दावर मुलीला केंद्रात घेतलं गेलं. आई कामावर परतली, कारण घर तिच्या मजुरीवर होतं. मुलीजवळ आजी राहिली. दूध चमच्याने, थोडं थोडं, दिवसभर. उपचार लागू पडले. सूज उतरू लागली, म्हणजे वजनही उतरू लागलं. तसंच व्हायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते व्यवस्थापकांना समजावलं होतं. व्यवस्थापकांनी आजीला सांगितलं नाही. रोज सकाळी तिच्यासमोर वजन मात्र मोठ्याने वाचलं जाई.

"भरल्या अंगाची पोर दिली तुमाला. तुमी हाडं काढली तिची. त्ये डब्याचं दूध बाधलं तिला," असं म्हणून आजीने मुलीला उचललं. व्यवस्थापकांनी तिला अडवलं नाही. डॉक्टरीणबाई येईपर्यंत थांबा, एवढंही म्हटलं नाही. नातेवाईक स्वखुशीने घेऊन गेले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ते आवाज न चढवता बोलत होते. मला त्यांचा तो आवाज अजून सहन होत नाही.

गावात आजीने मुलीला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची, पातळ पेज पाजली. ती पोटात ठरली नाही, जुलाब लागले. आईला हे सुट्टीच्या दिवशी, केंद्रात आल्यावर कळलं. ती तशीच गावी गेली आणि मुलीला खांद्यावर टाकून परत आली.

व्यवस्थापकांनी मुलीला झोळीत ठेवलं, काटा बघितला.

"आता बसते," ते म्हणाले.

"तवा का न्हाई बसली?"

"तेव्हा वजन जास्त होतं, बाई."

"पोर तर तीच हाय की."

ते डबा उघडायला आत गेले.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्रातच वारली. तिला गावच्या माळावर पुरलं. मुकादमाने आईची दोन दिवसांची गैरहजेरी लावली.