मालनताईंची डावी करंगळी

गिरण्यांचा संप संपला तेव्हा काळाचौकीच्या आमच्या चाळीत काही घरं चरफडत राहिली, काही गप्प झाली. मालनताई पेडणेकरांचं गप्प झालं. त्यांचे यजमान रामचंद्र मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. मिलने त्यांना परत घेतलं नाही. ‘आता तुमचा हात बसायचा नाही,’ असं सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने ते खरं मानलं. मालनताईंनी परळला मराठी टायपिंग शिकून संसार ओढला.

वीस वर्षांनी दादरच्या एका छापखान्यात आम्ही एकत्र आलो. तिथला टायपिंगचा प्रोग्रॅम मी लिहिलेला, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची. मालक नानांनी जुन्या विंडोजच्या जागी मॅक कॉम्प्युटर आणला. मी प्रोग्रॅम त्यावर चढवला, दोनच शब्द टाइप करून पाहिले आणि मोकळा झालो. दुसऱ्या दिवसापासून मालनताईंच्या मजकुरातून एक अक्षर गळायला लागलं. नेहमी तेच, डाव्या करंगळीचं.

“मशीन खातंय,” त्या म्हणाल्या.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” नाना म्हणाले. “शनिवारपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो.”

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत त्या डब्याच्या झाकणावर करंगळी आपटत बसल्या होत्या. “हेरंब, बोटातला जोर गेला रे. ह्यांच्या हातासारखंच झालं बघ.”

मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि तेच बटण अंगठ्याने दाबलं. अक्षर उमटलं नाही.

बटण दाबलं की प्रोग्रॅमकडे एक आकडा येतो, आणि प्रत्येक जातीच्या मशीनचे आकडे वेगळे. या बटणाचा विंडोजवर पासष्ट, मॅकवर शून्य. मॅकचे आकडे मी नीट भरले होते. पण त्याआधी शहाणपणा करून एक ओळ लिहून ठेवली होती: शून्य आलं तर कुणी काही दाबलंच नाही असं धरायचं. बाई इमानाने बटण दाबत होत्या, आणि माझा प्रोग्रॅम त्यांना मोजतच नव्हता.

ती ओळ काढली आणि नानांसमोर चूक कबूल केली. “बरं झालं,” म्हणून नाना प्रुफांकडे वळले.

मालनताई हलल्या नाहीत. “लिहून दे.”

“काय?”

“करंगळीची चूक नव्हती म्हणून.”

मजकूर त्यांनीच टाइप केला, त्याच मॅकवर, एकही अक्षर न गाळता. मी सही केली. कागदाची घडी पर्समध्ये ठेवत त्या म्हणाल्या, “ह्यांना दाखवते. ह्यांना कुणी असं लिहून दिलं नाही रे.”