दादाच्या बॅगेतलं माझं वजन

माझा थोरला भाऊ आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आला, पण स्वतः कायम जिन्यानेच चढायचा. सुट्टी मिळाली की डोंगर. सत्तावन्नाव्या वर्षीही तो चढावर माझ्यापुढे शंभर पावलं असायचा. बॅग भरण्याच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. हाताला येईल ते कोंबायचं आणि वर गुडघा देऊन चेन ओढायची. मग पाऊस आला की रेनकोट नेमका तळाशी, आणि दादा भर वाटेत सगळा संसार मांडून बसलेला.

माझं दुकान बॅगा दुरुस्त करायचं. असल्या कोंबाकोंबीने उसवलेल्या चेन मी रोज बघतो, त्यामुळे माझं डोकं फिरायचं. शेवटी त्याची बॅग मीच भरायला लागलो. अंथरूण तळाला, जड सामान मधोमध पाठीला चिकटून, रेनकोट सगळ्यात वर, पाणी बाजूच्या कप्प्यात, सुका खाऊ कमरेच्या पट्ट्याच्या खिशात. पहिल्यांदा ती पाठीवर चढवली तेव्हा दादा म्हणाला, "अरे, काही विसरलास का? हलकी लागतेय." तेव्हापासून तो बॅग उघडूनही बघेना.

दीड वर्षापूर्वी, निघायच्या आदल्या दिवशी माझी कंबर धरली. सांगायची लाज वाटली. बॅग कशी भरून पाठ सांभाळावी हे गिऱ्हाइकांना शिकवणारा मी! म्हणून माझ्या वाट्याचा स्टोव्ह, गॅसचा डबा आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या मी दादाच्या बॅगेत सारल्या. अशा बेताने भरल्या की त्याला पत्ता लागू नये. दुपारी परत घेऊ, असं मनाला सांगितलं. घेतल्या नाहीत.

चढावर दादा मागे पडला. असं कधीच झालं नव्हतं. दगडावर टेकला, तोंड पांढरंफटक. आणि मी काय बोलावं? "दादा, वय झालं आता!" वर हसलो. मुक्कामाला तो तोंड धुवायला गेला, तेव्हा माझं सामान गुपचूप काढून घेतलं.

त्याने डोंगर सोडला. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटलं, तरी सोडलाच. वहिनी फोनवर म्हणायची, "भावजी, हे दिवसभर खिडकीशी बसून असतात हो. तुम्ही तरी समजवा ना." "बघतो," म्हणून मी फोन ठेवायचो. स्वतःची शिसारी यायची, पण खरं सांगायला जीभ रेटेना.

परवा तो दुकानात आला आणि बॅग काउंटरवर ठेवून म्हणाला, "कुणाला तरी देऊन टाक."

चेन बसवून घ्यायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, "चांगली आहे की! का देताय?"

"हा माझा भाऊ. याने भरलेली बॅग कधी जड लागत नाही," दादा म्हणाला. "मला लागली. म्हणजे माझंच संपलं."

बाई गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. मान वर करायची हिंमत नव्हती. वाटलं, आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दीड वर्ष," एवढंच म्हणाला. मग बॅग उचलून खांद्याला लावली.

"रविवारी जाऊ या का, दादा? मी सकाळी येऊन भरून देतो."

"जाणार आहेच मी," तो पायरी उतरत म्हणाला. "एकटा. बॅग माझी मी भरेन."