नागिणीला लांबचा रस्ता

लालबागच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला नुसता पडदा आहे. मी सर्दीसाठी गेलो होतो. शेजारी एक जाडजूड गृहस्थ शर्ट वर करून शिंप्याच्या टेपने कंबर मोजत होते. टेपचं दुसरं टोक त्यांच्या बायकोने धरलं होतं. डाव्या कुशीवर लाल फोडांचा पट्टा उठला होता.

"नागीण आहे," ते मला म्हणाले. "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस खलास. म्हणून दोन्ही वेळा बटाटेवडे खातोय. घेर वाढला की तिला फिरायला वेळ लागणार ना!"

"मीच तळून देते," बायको म्हणाली.

मी आकडेमोडीचा माणूस. हिशेबात मला चूक सापडेना.

त्यांचा नंबर लागला, ते एकटेच आत गेले. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "काका, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना? तोच विषाणू नसेत झोपला होता, तो आता उठलाय. पण तो एकाच बाजूला राहतो, वेढा पूर्ण होत नाही. फोड झाकून ठेवा. नातवाला कांजिण्या झाल्या नसतील तर जवळ घेऊ नका, फोडांतल्या पाण्यातून त्याला लागण होईल."

"म्हणजे मी मरत नाही?"

"नाही हो."

मग हळूच, "हे आमच्या हिला सांगू नका. परत दुधी सुरू करेल."

"ऐकलं मी!" माझ्या शेजारून बायको ओरडली. "आज दुधीच!"

आणि टेप गुंडाळता गुंडाळता पदराने डोळे पुसू लागली. दुधीच्या नावाने इतकं आनंदाने रडलेलं मी कुणाला पाहिलेलं नाही.